पार समजला, मग स्कोअरकार्ड वाचता आलं

गोल्फ शिकायला लागले तेव्हा क्लब कसा धरायचा, खांदे किती वळवायचे, हे सांगणारे पुष्कळ भेटले. स्कोअर कसा मोजायचा हे मात्र सगळ्यांनी एका वाक्यात उरकलं: जेवढे फटके तेवढा स्कोअर, आणि कमी तेवढा चांगला. यात चूक काहीच नाही. पण एवढ्यावर स्कोअरकार्ड वाचता येत नाही. कार्डावर प्रत्येक होलसमोर (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) अंतर असतं, पार असतो, स्ट्रोक इंडेक्स नावाचा आणखी एक आकडा असतो, आणि हे तिन्ही एकमेकांशी काय बोलतात ते कोणी सांगत नाही.

पार म्हणजे निष्णात खेळाडूने तो होल जितक्या फटक्यांत संपवावा अशी अपेक्षा असते, तो आकडा. हे मला पाठ होतं. उलगडलं ते आमच्या प्रशिक्षकांनी प्रश्नच फिरवला तेव्हा. "होल कितीमध्ये संपतो ते राहू द्या. चेंडू ग्रीनवर कितव्या फटक्याला पोचायला हवा, ते सांगा." कुठलाही पार घ्या, त्यातले दोन फटके ग्रीनवरच्या (खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरच्या) पटिंगसाठी, म्हणजे चेंडू घरंगळत खड्ड्यात घालण्यासाठी, राखलेले असतात. म्हणजे पार ३ च्या होलवर पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठायचं, पार ४ ला दुसऱ्या आणि पार ५ ला तिसऱ्या. पार ७२ च्या मैदानावर, म्हणजे अठरा होलांच्या पारची बेरीज ७२ असेल तिथे, बहुधा चार होल पार ३ चे, दहा पार ४ चे आणि चार पार ५ चे असतात. मी कागदावर बेरीज मांडली. ग्रीनपर्यंत पोचायला ३६ फटके आणि पटिंगला ३६. निम्मा पार ग्रीनवरच खर्च होतो! लांब ड्राइव्हच्या (होलच्या सुरुवातीच्या फटक्याच्या) नादात सरावाचा सगळा वेळ घालवणाऱ्या प्रत्येकाने ही बेरीज एकदा करावी, असं मला मनापासून वाटतं.

पार ठरतो तो मुख्यतः अंतरावरून. जागतिक हँडिकॅप पद्धतीच्या (हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) मार्गदर्शनानुसार पुरुषांसाठी साधारण २६० यार्डांपर्यंत पार ३, २४० ते ४९० यार्ड पार ४ आणि ४५० ते ७१० यार्ड पार ५. स्त्रियांसाठी हेच टप्पे २२०, २०० ते ४२० आणि ३७० ते ६०० यार्ड. हे टप्पे एकमेकांवर चढलेले आहेत हे लक्षात घ्या. त्यामुळे एखादा होल पार ४ ही असू शकतो आणि पार ५ ही. अमेरिकेतल्या पेबल बीच मैदानाचा दुसरा होल १९९२ च्या यूएस ओपनमध्ये पार ५ होता आणि मैदानाचा पार ७२. २००० मध्ये तोच होल पार ४ म्हणून खेळवला, मैदानाचा पार झाला ७१. टायगर वूड्सने ती स्पर्धा चार फेऱ्यांच्या २७२ फटक्यांत, म्हणजे १२ अंडर पारने (पारपेक्षा १२ कमी) जिंकली. जुन्या पारने मोजलं असतं तर तेच २७२ फटके १६ अंडर दिसले असते. फटके तेच, मोजपट्टी बदलली.

मग टीव्हीवर फटक्यांऐवजी उणे-अधिक का दाखवतात? कारण एकाच वेळी कोणी सहाव्या होलवर असतो, कोणी पंधराव्या. त्यांच्या फटक्यांची तुलना करून काही कळणार नाही. दोघे पारच्या किती खाली किंवा वर आहेत, हे मात्र शेजारी ठेवता येतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तेव्हा तिच्या नावासमोर उणे १५ होतं. मैदानाचा पार ७१, चार फेऱ्यांचा २८४, तिचे फटके २६९. हे गणित स्वतः सोडवल्यावर लीडरबोर्ड बघण्यातली गंमत दुपटीने वाढली. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी ईगल, तीन कमी अल्बाट्रॉस. एक जास्त बोगी, दोन जास्त डबल बोगी. ही नावं खेळता खेळता आपोआप तोंडात बसतात, पाठ करत बसू नये.

खरा कस लागतो तो पेनल्टी मोजताना. एक होल फटक्याफटक्याने मोजते. पार ४. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू हद्दीबाहेर गेला: तो पहिला फटका. पेनल्टीचा एक, झाले दोन. पुन्हा टीवरूनच मारायचं, तो तिसरा. चौथा फेअरवेवरून (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावरून), तो ग्रीनच्या अलीकडे थांबला. पाचव्याला ग्रीनवर, मग दोन पट. एकूण सात, ट्रिपल बोगी. हरवलेल्या चेंडूलाही हाच हिशेब लागतो, आणि शोधायला तीनच मिनिटं मिळतात. मी आता असा फटका गेला की पुढचा मारण्याआधी "हा तिसरा" असं मोठ्याने म्हणते. मार्करलाही (माझा स्कोअर लिहिणाऱ्या सहखेळाडूलाही) ऐकू जातं आणि होल संपल्यावर वाद उरत नाही.

आता हे सात फटके कार्डावर इतके वाईट दिसतात का? इथे स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे होलांच्या अवघडपणाचा क्रम (१ सर्वात अवघड), कामाला येतो. समजा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूच्या कुवतीचा आकडा) २२.०, मैदानाचं स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला ते निष्णातापेक्षा किती जास्त अवघड जातं) १२५, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) ७१.५ आणि पार ७२. २२ ला १२५ ने गुणून ११३ ने (प्रमाण स्लोपने) भागायचं, येतात २४.३, त्यात कोर्स रेटिंग आणि पारमधला फरक, म्हणजे उणे अर्धा, मिळवायचा. येतात २३.८, म्हणजे पूर्णांकात कोर्स हँडिकॅप २४. ते १८ होलांवर वाटायचे: प्रत्येकी एक, आणि उरलेले सहा स्ट्रोक इंडेक्स १ ते ६ च्या होलांवर. आपल्या होलचा इंडेक्स ३ असेल तर तिथे दोन फटके सवलत. सातातून दोन गेले, नेट पाच. म्हणजे नेट बोगीच!

हे कळल्यापासून राउंड सुरू होण्याआधी मी कार्डावर पेन्सिलने माझा स्वतःचा पार लिहून ठेवते. वरच्या होलवर तो सहा आहे. छापलेला पार चार आहे म्हणून झाडीतून अशक्य फटका मारायचा मोह होतो. सहा लिहिलेले असले की चेंडू निमूटपणे फेअरवेवर काढावासा वाटतो. नवख्यांनी छापील पारशी झुंजू नये, या मतावर मी ठाम आहे.

नवख्यांना स्टेबलफोर्ड पद्धतही मी आग्रहाने सुचवते. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडच्या वॉलसी क्लबवर स्पर्धेत वापरली गेली. नेट पारला दोन गुण, नेट बोगीला एक, नेट बर्डीला तीन, नेट डबल बोगी किंवा त्याहून वाईटाला शून्य. शून्य नक्की झालं की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. एका होलने दिवस नासत नाही. १८ होलांत ३६ गुण झाले म्हणजे आपण आपल्या हँडिकॅपला जागलो.

आणि कार्डावर सही करण्यापूर्वी प्रत्येक होलचा आकडा मार्करबरोबर वाचून घ्या. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रोबेर्तो दे व्हिसेन्झो यांनी सतराव्या होलवर तीन फटके घेतले, मार्करने चार लिहिले आणि त्यांनी सही केली. जास्तीचा आकडा नियमाने कायम राहिला आणि ते एका फटक्याने मागे पडले. प्लेऑफची (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळाची) संधी गेली. आकडा कमी लिहिलेला असता तर बादच झाले असते. एकूण बेरजेची जबाबदारी समितीची असते, होलनिहाय आकड्यांची खेळाडूची. मी आणि माझी मार्कर, आम्ही दोघी पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत एकेक आकडा मोठ्याने वाचतो, मग सही करतो.