नार्बोनाचा घाट

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात गॅलपहून शिपरॉककडे जाणारा हायवे ४९१ अगदी सरळसोट आहे. डावीकडे चुस्का डोंगरांची निळसर रांग, उजवीकडे नुसतं माळरान. २००३ पर्यंत याच रस्त्याचा नंबर ६६६ होता. हा बायबलमधला सैतानाचा आकडा, त्यामुळे लोक पाट्याच चोरून न्यायचे. शेवटी नंबर बदलला.

मला मात्र दुसऱ्याच एका नावासाठी जायचं होतं. शीप स्प्रिंग्जला डावीकडे १३४ नंबरचा फाटा फुटतो, तो चुस्का ओलांडून क्रिस्टल गावाकडे जातो. फाट्याजवळ एक आजी भाजलेलं मटण विकत होत्या. सोबत फ्राय ब्रेड, म्हणजे आपला भटुराच, फक्त ताटाएवढा. "वरच्या घाटाला तुम्ही काय म्हणता?" असं विचारलं, तर त्या नवाहोत, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या भाषेत, काहीतरी लांबलचक बोलल्या आणि मग इंग्रजीत म्हणाल्या, तांब्याची खिंड. घाटाला ज्याचं नाव आहे, त्या नार्बोना या जुन्या नवाहो पुढाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. मेलेल्या माणसाचं नाव उगाच उच्चारू नये, अशी नवाहोंची जुनी रीत आहे. कारण तेच होतं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

घाट चढताना सूचिपर्णी झाडं दाट होत गेली, मधूनमधून पिवळेधमक अ‍ॅस्पेन. माथ्यावर गाडी थांबवली. गार वारा, शुकशुकाट.

१८३५ मध्ये याच खिंडीत नार्बोनाच्या माणसांनी दबा धरून मेक्सिकन फौजेचा धुव्वा उडवला होता. पुढे म्हातारपणी तो तहाच्या बाजूचा झाला. ऑगस्ट १८४९ मध्ये अमेरिकन कर्नल जॉन वॉशिंग्टन सैन्य घेऊन आला, तेव्हा ऐंशीच्या घरातला नार्बोना बोलणी करायला समोर गेला. बोलणी उरकलीही होती. तेवढ्यात कर्नलच्या बाजूच्या एकाने तिथला एक घोडा आपला म्हणून ओळखला. घोडा मिळेना, तशी कर्नलने गोळीबाराची आज्ञा दिली. नार्बोना पडला. एवढ्यावर भागलं नाही, त्याच्या डोक्याची कातडीही सोलून नेली. फौज पुढे निघाली, ही खिंड लागली आणि लेफ्टनंट सिम्पसनने तिला नाव दिलं: वॉशिंग्टन पास!

पुढे कित्येकांना हे नाव राष्ट्राध्यक्षांचंच वाटलं असणार. मलाही आधी तसंच वाटलं होतं. ज्याच्या हुकमाने म्हातारा मेला, त्याचं नाव म्हाताऱ्याच्याच डोंगराला! जवळजवळ दीडशे वर्षं ते टिकलं. सायली गावच्या नवाहो कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला आणि १९९२ मध्ये ते नार्बोना पास झालं.

गंमत म्हणावी की काय, नार्बोना हे नावही मूळ नवाहो नाही. १८०५ मध्ये कॅन्यन द शे इथे शंभरावर नवाहोंची कत्तल करणारा स्पॅनिश अधिकारीसुद्धा नार्बोनाच, अंतोनियो नार्बोना. दोन नार्बोनांपैकी पाटीवर कोणता, हे पाटी सांगत नाही. आजींची तांब्याची खिंड आता जास्त पटायला लागली.

गार झालेला फ्राय ब्रेड खाऊन मी क्रिस्टलकडे उतरायला लागलो. रेडिओवर केटीएनएन हे नवाहो स्टेशन लागलं होतं. निवेदक भराभर नवाहोत बोलत होता, मला त्यातलं फक्त 'फोर्ड पिकअप' एवढंच कळलं. खिंडीचं नाव येतंय का म्हणून गाव येईपर्यंत कान देऊन ऐकत राहिलो.