आमची वाटचाल : झाकणावरच्या पासवर्डापासून

लॅमिंग्टन रोडवरून कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारे डबे, म्हणजे डीव्हीआर, आणायचे, दादर-परळच्या सोसायट्यांत बसवायचे, असा आमचा धंदा २०११ साली सुरू झाला. मी आणि भाचा, दोघेच. शिडी खांद्यावर, केबलचं भेंडोळं स्कूटरवर. सेक्रेटरींना घरबसल्या मोबाईलवर गेट दिसायला हवं, म्हणून राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून द्यायचो. पासवर्ड कंपनीतून आलेला तोच ठेवायचो, १२३४५. कुणी विसरू नये म्हणून मी तो मार्करने डीव्हीआरच्या झाकणावर लिहायचो. गिऱ्हाइकाची सोय बघतोय असंच तेव्हा वाटायचं.

२०१६ च्या दिवाळीआधी दादरच्या एका सोसायटीतून फोन आला. नेट रडतंय, आणि नेटवाला म्हणतो लाइन ठीक आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये बसून भाच्याने राउटर तपासला. आमचा डीव्हीआर एकामागून एक अनोळखी पत्त्यांवर टेलनेटचं, म्हणजे दुरून उपकरणात शिरायच्या जुन्या सोयीचं, दार ठोठावत होता. बंद करून चालू केला, तर पाच-दहा मिनिटं शांत, मग पुन्हा तेच.

त्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या डाइन (Dyn) कंपनीच्या डीएनएस सेवेवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, हल्ला झाला होता आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले होते. त्यात मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घुसखोर प्रोग्रामने, पछाडलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर वापरले गेले. मिराईची करामत साधी होती. कारखान्यातून येणारे साठेक ठरीव पासवर्ड एकेक करून लावून बघायचे. तो फक्त मेमरीत राहतो, म्हणून रीस्टार्टने जातो. पण पासवर्ड तोच असेल तर लगेच परत शिरतो. हे वाचलं आणि मला माझ्या हातची मार्करची अक्षरं दिसली.

त्या रात्री जुनी बिलबुकं काढली. १४० ठिकाणं निघाली. प्रत्येकाकडे परत जायचं, एक पैसा न घेता, असं ठरवलं. "आमच्या जिन्याचं फुटेज चोरून कोण काय करणार?" एका सेक्रेटरी काकांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, चोराला जिना नकोय. मेंटेनन्सच्या हिशेबाचा कॉम्प्युटर याच वायरवर आहे." काही स्वस्त मॉडेलमध्ये पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे डब्याच्या आतल्या कायमच्या प्रोग्राममध्ये, कोरलेला होता, बदलण्याची सोयच नाही. ते आम्ही अर्ध्या किमतीत बदलून दिले. ती दोन वर्षं फार ओढाताणीची गेली.

कारखान्यांची कामं याच फेऱ्यांतून आली. रबाळ्याच्या एका युनिटमध्ये पॅनल उघडलं, तर पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, सिमकार्डवाला राउटर जोडलेला. मशीन पुरवणाऱ्याने दुरून सर्व्हिसिंग करता यावं म्हणून लावलेला, आणि मालकाच्या तो गावीही नव्हता. तिथे मॉडबस चालतं, म्हणजे मशिनांची आपसात बोलायची पद्धत. ते १९७९ चं, कारखान्याच्या आतल्या वायरीपुरतं बनवलेलं. मूळ मॉडबस 'तू कोण' असं विचारतच नाही. रजिस्टरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या आकड्यांच्या खणात, आकडा लिही म्हटलं की लिहितं. मालकांसमोरच माझ्या लॅपटॉपवरून, उत्पादन बंद असताना, मी डोसिंग पंपाचा (ठरावीक मात्रेत रसायन सोडणाऱ्या पंपाचा) ठरवलेला आकडा ४० चा ६० केला. ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरमुळे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, तेव्हा त्यांचे दोन कंटेनर तिथेच अडकले होते. त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. मशीनचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं केलं. राउटर आता सर्व्हिसिंगच्या वेळी, फोनवर खात्री करूनच चालू होतो.

आज आम्ही सहा जण आहोत. एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, याचं मनापासून समाधान वाटतं. पण भिंतींवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्यांकडे कुणीतरी जावंच लागणार. नव्या कामात पासवर्ड आम्ही ठरवत नाही. खजिनदार स्वतः टाइप करतात आणि पासवर्डचं पाकीट सोसायटीच्या कपाटात जातं. हे मान्य नसेल तर ऑर्डर सोडतो. गेल्या वर्षी दोन सोडल्या.

त्या १४० पैकी अकरा ठिकाणं अजून बाकी आहेत. तीन इमारती पुनर्विकासात पडल्या, उरलेल्यांचे फोन नंबर बदललेत. भाचा रविवारी जाऊन गेटवर चौकशी करून येतो.