सावली उलटी पडते तेव्हा

21 जून, दुपारचे 12 वाजून 37 मिनिटं. ढगांना तेवढ्यापुरतं भोक पडलंय आणि गच्चीवर कपड्यांच्या दोरीसाठी रोवलेल्या मीटरभर पाइपची सावली पडली आहे चक्क दक्षिणेला. सहा सेंटिमीटर, तीन बोटं. भर दुपारी सावली उत्तरेला असायची, ही वर्षातल्या दहा महिन्यांची सवय.

शाळेत घोकलेलं असतं, आज सूर्य कर्कवृत्तावर. मग आपण धरून चालतो की तो डोक्यावर. पण कर्कवृत्त जवळपास साडेतेवीस अंशांवर, आपलं नाशिक विसावर. आपलं डोकं ओलांडून तो 20-21 मेलाच उत्तरेला गेला. परतताना 23 जुलैच्या आसपास पुन्हा माथ्यावर येईल, पण तेव्हा पावसात दिसतोय कशाला! शून्य सावली बघावी ती मेमध्ये, कुरडया वाळतात तेव्हा. सावलीवर पाय द्यायचा पोरांचा खेळ त्या दुपारी घटकाभर बंद.

बरोबर बाराला बघायला जाणारे फसतात. देशभरचं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण पावणेचौऱ्याहत्तरवर. अंशाला चार मिनिटं धरली तरी पस्तीस मिनिटं तिथेच गेली. उरलेली एकदोन सूर्याच्या स्वतःच्या चालीची.

आजचं कौतुक खरं तर थबकण्याचं. मार्चमध्ये याच पाइपची दुपारची सावली रोज आठेक मिलिमीटर आखडते. आता 18 ते 24 जून मोजत बसा, मिलिमीटरचाही फरक नाही. असला तरी दिसणार नाही, कारण सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी. मीटरभर उंचीवरून पडलेल्या सावलीचं टोक नऊ मिलिमीटर तरी धूसर असतं. उद्यापासून दिवस लहान होणार म्हणतात, तेही सेकंदासेकंदानं. संध्याकाळ तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबतच राहते. त्याची भरपाई सकाळ करते, जूनच्या सुरुवातीपासूनच उशिरा उजाडायला लागलेलं असतं.

दक्षिण ठरवायला होकायंत्रावर फार विसंबू नये, स्लॅबमधली सळई सुईला भुलवते. गच्चीला पाण्यासाठी ढाळ असतो, त्यामुळे फरशीला काटकोनात म्हणजे उभा, असंही नाही. पाइप एक अंश कलला की सावलीत पावणेदोन सेंटिमीटरची चूक. साडेतीन अंश दक्षिणेला कलला, तर ही अख्खी तीन बोटं सूर्याशिवायच मिळतील.

या पाइपला ओळंबा लावून बघायला हवा.