वीस लिटरला चाळीस ग्रॅम

गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजचं दार उघडलं आणि लोण्याचा वास आला. घरच्या ताज्या लोण्याचा नाही, थिएटरात पॉपकॉर्नवर ओततात त्या पिवळ्या बटरचा. आठवड्यापूर्वी मी घरी केलेला हाच पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी बिअर, चाखला तेव्हा तो अगदी स्वच्छ लागला होता. त्यानंतर मी एवढंच केलं होतं, की वीस लिटरमध्ये नेल्सन सॉव्हिन जातीचे शंभर ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलाची फुलं) टाकले आणि दोन दिवसांनी फ्रिज थेट शून्याजवळ नेला.

मी निफाड तालुक्यातली. नऊ वर्षं झाली, न्यूझीलंडमध्ये नेल्सनजवळ राहते. मोटुएकाच्या बाजूला निघालं की हॉप्सचे मळे लागतात. उंच खांब, वर तारा, तारांवरून खाली सोडलेल्या सुतळ्या आणि त्यांना विळखा घालत पाच मीटर वर गेलेले वेल. द्राक्षाच्या मांडवाखाली लहानाची मोठी झालेली मी, तिथं गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही. बिअर करायला शिकले ती त्या वेलांपायी.

आणि शिकले ते पिल्सनरच. १८४२ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्झेन गावात तो पहिल्यांदा झाला: फिकट मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू), मऊ पाणी, थंडीत आंबवणारं यीस्ट आणि झाटेकच्या परिसरातला साझ हॉप. यात काहीच लपत नाही. भाजक्या मॉल्टची बिअर पुष्कळ चुका पोटात घालते. पिल्सनर म्हणजे साधं वरण, मीठ चिमूटभर जास्त झालं तरी पहिल्या घासाला कळतं. म्हणूनच नव्या जातीचा हॉप खरा कसा आहे हे मला अशा थंडीत आंबवलेल्या फिकट बिअरमध्ये, लागरमध्येच कळतं.

इथल्या रिवाका गावात हॉप्सचं संशोधन केंद्र आहे. मुळं कुजवणाऱ्या रोगानं जुने मळे बसवले, तेव्हा टिकाव धरणाऱ्या जाती शोधायला तिथं पैदाशीचं काम सुरू झालं. पुढे त्यातून वासाचे हॉप्स आले. रिवाका आणि मोटुएका या दोन्ही जातींच्या वंशात साझ आहे. आधी त्यांना साझ डी आणि साझ बी असंच म्हणत. मोटुएकाला हिरव्या लिंबाचा वास, रिवाकाला ग्रेपफ्रूटचा, पपनस सोलताना साल फुटते तसा. डनेडिनच्या एमर्सन्स ब्रुअरीचा पिल्सनर रिवाकावरच उभा आहे, आणि तो पिताना नातवंडाच्या तोंडावर आजीची ठेवण दिसावी तसा मागे साझ जाणवतो.

नेल्सन सॉव्हिनचं तसं नाही. ही जात २००० साली बाहेर आली आणि तिच्या नावातला सॉव्हिन आला सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षावरून. त्या वाईनला जो वास असतो तो गंधकयुक्त थायॉल्सचा, आणि त्याच कुळातली संयुगं या हॉपमध्ये सापडतात.

मार्चमध्ये अण्णा आले होते. हंगाम चालू होता, ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मळ्यात फिरू दिलं. अण्णा दारूला शिवत नाहीत, पण वेल बघायला सगळ्यात पुढे. खोडं बघितली, तारांचा ताण बघितला, मग विचारलं,

"डावणी येते का गं याच्यावर?"

"इथं डावणी नाही अण्णा. भुरीसुद्धा नाही."

ते बराच वेळ गप्प राहिले. द्राक्षावरच्या या बुरशींपायी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की रात्री दोनला ब्लोअर जोडून फवारणीला निघणारा माणूस तो.

मग मी नेल्सन सॉव्हिनचं एक फूल त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते तळव्यावर चोळलं. पाकळ्यांच्या बुडाशी असते ती पिवळी भुकटी रेषांमध्ये चिकटून बसली. त्यांनी हात नाकाशी नेला आणि म्हणाले, "बांधावरचा माल."

मला लगेच कळलं. आमची दोन एकर सोव्हिन्यों ब्लाँ होती. करार केलेल्या वायनरीनं दोन हंगाम माल उचलला नाही. घड बांधावर टाकले आणि ते तिथंच आंबले. तिसऱ्या वर्षी अण्णांनी बाग तोडली. तो वास मुळात आंबण्यातच सुटतो, द्राक्ष नुसतं चावून तो एवढा येत नाही. इतक्या वर्षांनी त्यांच्या नाकानं तो बरोबर ओळखला.

तर, लोणी. आंबणं संपल्यावर, न उकळता, बिअरमध्ये हॉप्स टाकले की त्यांच्यातली एन्झाइम्स उरलेल्या लांब साखळीच्या साखरा तोडतात. यीस्टला परत खाणं मिळतं, ते पुन्हा कामाला लागतं आणि त्यातून लोण्याच्या वासाचं डायअ‍ॅसिटिल तयार होतं. थोडं ऊबदार ठेवलं तर यीस्टच ते नंतर खाऊन टाकतं. मी घाईनं त्याला थंडीत झोपवलं होतं.

शंभर ग्रॅम हीही चूकच होती. लोणी बाजूला ठेवलं तरी त्या ग्लासात नुसती द्राक्षं होती, मॉल्टची पावासारखी गोडी कुठेच नव्हती. आयपीएच्या, म्हणजे भरपूर हॉप्सवाल्या बिअरच्या, मापानं हॉप्स ओतून त्याला लागर म्हणणं मला पटत नाही. इटलीतल्या लुरागो मारिनोनेच्या बिरिफिचो इतालियानो या ब्रुअरीनं १९९६ मध्ये टिपोपिल्स केला, त्यातही असे नंतर टाकलेले हॉप्स आहेत, पण तो आधी पिल्सनर आहे. जर्मनीत ह्युलच्या हॉप संशोधन केंद्रानं २०१२ मध्ये मँडरिना बव्हेरियासारख्या फळांच्या वासाच्या जाती आणल्या. मी मँडरिनाही वापरून पाहिला. संत्र्याचा वास छान, पण हातचं राखून टाकला तरच.

या वेळी चाळीस ग्रॅम घेतले. अर्धा मोटुएका, अर्धा नेल्सन सॉव्हिन, म्हणजे साझचा धागा सुटू नये. हॉप्स टाकल्यावर सहा दिवस पंधरा अंशांवर ठेवलं. काल संध्याकाळी थोडी बिअर बाटलीत काढली, झाकण लावून साठ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं धरली, गार केली आणि हुंगली. लोणी लपलेलं असेल तर असं गरम केल्यावर बाहेर येतं. आलं नाही. पाव होता, लिंबू होतं आणि अगदी मागे, बांधावरचा माल. फ्रिज दोन अंशांवर लावला. पाच आठवडे आता दार उघडायचं नाही.