ओळखीचा अबोला

परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज, मूल नाही, पोटगीवरून वाद नाही. कौटुंबिक न्यायालयात अशी प्रकरणं आम्हा समुपदेशकांकडे आली की बहुतेकदा लवकर आटपतात. हे आटपलं नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तिची तक्रार एकच : "हे रागावले की बोलणंच बंद करतात. आठ-आठ दिवस." तो शेजारी, नजर टेबलावर. मी त्याला काही विचारलं, तो गप्प. तिने लगेच पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "त्यांना जरा वेळ द्या, मॅडम."

मग तिला एकटीला बोलावलं. लग्न कांदेपोह्यांचंच. त्याआधी एक मनमोकळा, हसरा मुलगा तिने नाकारला होता. "तो उथळ वाटला. हे शांत बसले होते. का कोण जाणे, ओळखीचे वाटले."

घरी असं शांत कोण असायचं?

बाबा. स्कूटर स्टँडला लागली की ती आणि आई कानोसा घ्यायच्या. चपला कशा काढल्या त्यावरून संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. मार्क कमी पडले की बाबांचा अबोला. तो सुटेपर्यंत ती त्यांच्या मागेपुढे करायची.

बालपणी जवळच्या माणसांकडून मिळालेल्या अनुभवातून नात्यांबद्दलच्या अपेक्षा घडतात, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. 1987 मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी हाच विचार मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिला. याचा अर्थ सगळं लहानपणीच ठरून जातं, असा नाही. आणि आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मुळीच पटत नाही. पण स्थळं आईवडिलांनी आणली तरी त्यातून होकार कुणाला द्यायचा, हे आपल्या आत कुणीतरी आधीच शिकवून ठेवलेलं असतं, हे मी या कामात पुन्हा पुन्हा पाहते.

त्याचंही ऐकलं. त्याची आई संतापी. उलट बोललं की भांडण वाढायचं, गप्प बसलं की मिटायचं. आपण भांडण टाळतोय, असं त्याला वाटत होतं. आपल्याला शिक्षा होतेय, असं तिला.

दोघांना पुन्हा एकत्र बसवलं. गप्प व्हायच्या आधी एवढंच सांगायचं, मी त्याला म्हटलं : आत्ता मला बोलता येत नाही, उद्या बोलतो. तो अडखळत, माझ्याकडे बघत म्हणाला. मी म्हटलं, मला नाही, त्यांना सांगा.

त्याने सांगितलं. तिने विचारलं, "उद्या किती वाजता?"

अर्ज त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. पुढच्या तारखेला दोघंही येणार आहेत.