रिकाम्या हाताने आलेले थ्रेड

लॉगमध्ये शेवटच्या ब्लॉकपुढे नमुने ४० आणि सरासरी 'नॅन' ('नॉट अ नंबर', म्हणजे हा आकडाच नाही) अशी नोंद होती. बिघडायचेच तर दोन्ही आकडे बिघडायला हवे होते. संख्या बरोबर आणि सरासरीच तेवढी गायब, हे मला दिवसभर खुपत राहिलं.

कोड माझाच. एक छोटा स्ट्रक्ट: नमुन्यांची संख्या, सरासरी, विचलनांच्या वर्गांची बेरीज. समांतर लूपमध्ये प्रत्येक थ्रेड (इतरांसोबत एकाच वेळी चालणारा प्रोग्रामचा एक धागा) आपापली प्रत भरतो आणि शेवटी कंबायनर त्या प्रती एकत्र करतो. हा कंबायनर स्वतः लिहायची सोय ओपनएमपीमध्ये (लूप थ्रेडमध्ये वाटून देणाऱ्या प्रणालीत) ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१३पासून आहे. इनिशियलायझर (प्रतीची सुरुवातीची किंमत ठरवणारा भाग) विसरणं ही तिथली नेहमीची चूक, म्हणून आधी तोच पाहिला. तिन्ही शून्य. ठीक.

माझ्या लॅपटॉपवर ८ थ्रेड. कितीही वेळा चालवा, नॅन येईना. ६४ कोअरच्या सर्व्हरवर मात्र बहुतेक वेळा यायचा.

"अगं, रेस आहे, दुसरं काय!" सहकारी म्हणाला. म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी एकाच जागी लिहीत असणार.

अशा रेस पकडणारा थ्रेड सॅनिटायझर लावला, तर इशाऱ्यांचा नुसता पाऊस. जीसीसी या माझ्या कंपायलरची ओपनएमपी लायब्ररी त्याच्यासाठी खास बिल्ड केलेली नसेल तर त्याला तिचे बॅरिअर (थ्रेडना एकमेकांसाठी थांबवणारे टप्पे) दिसत नाहीत आणि तो नको तिथे बोंब मारतो. त्यात सकाळ गेली. मग कंबायनरमध्ये नॅनची तपासणी घातली. ती गप्प! बिल्डमध्ये फास्ट-मॅथ (वेगासाठी गणिताचे काही नियम सैल करणारा पर्याय) चालू होतं. नॅन येणारच नाही असं धरून कंपायलरने माझी अटच उडवून टाकली होती. (हे मला आधीपासून माहीत होतं, हे आणखी लाजिरवाणं.) प्रत्येक थ्रेडमध्ये प्रिंट टाकला, तर बगच पसार.

शेवटी फास्ट-मॅथ बंद केलं, कंबायनर वेगळ्या फंक्शनमध्ये काढला, तो इनलाइन होऊ दिला नाही (म्हणजे कंपायलरने तो बोलावणाऱ्या कोडमध्येच मिसळू नये) आणि फ्लोटिंग पॉइंटची अवैध क्रिया घडताच प्रोग्राम थांबेल अशी सेटिंग केली. ती पहिल्या समांतर भागाच्या आधी करावी लागते, म्हणजे नवे थ्रेड ती सोबत घेऊनच सुरू होतात. थोड्याच वेळात जीडीबी हा डीबगर कंबायनरमधल्या भागाकाराच्या ओळीवर थांबला. डावीकडच्या, म्हणजे आतापर्यंत जमलेल्या, नमुन्यांची संख्या ०. उजवीकडच्या, म्हणजे नव्याने आलेल्या प्रतीतल्या, नमुन्यांचीही ०.

लूपच्या फेऱ्या ४०, थ्रेड ६४. म्हणजे २४ जणांच्या वाट्याला कामच नाही, आणि ज्याला काम नाही तो साहजिकच आधी येऊन उभा. जीसीसी या प्रती लॉक लावून, ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने मूळ व्हेरिएबलमध्ये मिसळतो. मूळ रिकामं, आलेली प्रत रिकामी. एकत्र सरासरी काढायला एकूण संख्येने भागायचं, म्हणजे शून्य भागिले शून्य. त्यानंतर कितीही चांगल्या सरासऱ्या येऊ देत, नॅन धुऊन निघत नाही. संख्येची फक्त बेरीज होते, म्हणून ती शाबूत. भरलेला थ्रेड आधी पोचला तर मागून येणारे रिकामे निरुपद्रवी ठरतात. माझ्या प्रिंटने रिकाम्यांनाही रांगेत अडकवलं होतं, एवढंच. लॅपटॉपवर ८ जणांना पाच-पाच फेऱ्या मिळायच्या, रिकामं कुणी राहायचंच नाही.

दुरुस्ती दोन ओळींची: उजवी प्रत रिकामी असेल तर तसंच परत फिरायचं, डावी रिकामी असेल तर उजवी जशीच्या तशी उचलायची. मग १, ७, ६४, १२८ थ्रेडवर निरनिराळ्या लांबीचे ब्लॉक चालवले. हौसेने एक शून्य नमुन्यांचाही दिला, तर व्हेरिअन्स काढणाऱ्या फंक्शनमध्ये आणखी एक भागाकार सापडला. तोपर्यंत साडेआठ वाजले होते. तो उद्यावर टाकला.