पाचगणीहून आल्यावर

शनिवार, रात्री उशिरा

लेकीने पसरणी घाट उतरायच्या आतच जाहीर केलं की ती पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत जाणार. सहावीपासून. कारणं दोन: तरणतलाव आणि दुमजली पलंगातला वरचा मजला. मी मनाची तयारी केली होती ती तिच्या रडण्याची. हिच्या उत्साहाचं काय करायचं, ते काही सुचत नाही.

शाळा चांगली आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आम्हाला दाखवली ती दिवसाउजेडी. मैदान, प्रयोगशाळा, सिल्व्हर ओकच्या रांगा, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या नववीतल्या मुली. तीन वाजता चहा-सामोसे आणि निरोप. मला बघायचं होतं ते संध्याकाळचं. प्रेप, म्हणजे संध्याकाळचा अभ्यासाचा तास, संपली, जेवणं झाली, दिवे मालवायला अजून वेळ आहे, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या पोरी काय करतात? घरी लेक याच वेळात, कधी ओट्याशी लुडबुडत, कधी दात घासता घासता, कोण कोणाशी बोलत नाही ते सगळं सांगते.

प्राचार्यांचं सादरीकरण तासभर चाललं, त्यातलं मला फारसं आठवत नाही. मेट्रनबाईंचं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. मी विचारलं, "एखादी मुलगी रडत नाही, नुसती गप्प होते, ते तुम्हाला कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "ताटावरून. दोन दिवस ताटात अन्न राहिलं की मी तिच्याजवळ जाऊन बसते." बाई एकदम पटल्या मला. मग कळलं, त्यांच्याकडे चाळीस मुली आहेत.

दुसऱ्या एका पालकांनी 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा विषय काढला. पाचगणीत तो निघतोच. सेंट पीटर्सचा विद्यार्थी, तेव्हाचा फारुख बलसारा. आठ वर्षांचा असताना झांझिबारहून बोटीने पाठवला होता. सगळे त्याच्या पियानोबद्दल बोलत होते आणि मी मनात त्याच्या आईला पत्र कधी मिळत असेल याचा हिशोब करत होते.

आमच्या घराला बोर्डिंग नवं नाही. सासरे साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकले, कारण गावातली शाळा चौथीला संपायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे सांगताना सासऱ्यांचा आवाज आजही बदलतो. नवरा साताऱ्याच्याच सैनिक स्कूलचा. 1961 साली सुरू झालेली, देशातली पहिली. त्याला एनडीएत जायचं होतं. ते झालं नाही, पण पहाटे उठून अंथरूण ताणून घडी घालायची सवय राहिली. आता तिथे मुलींनाही घेतात, म्हणून तो मध्येच ते पिल्लू सोडून देतो. सहावीच्या प्रवेश परीक्षेत 300 पैकी 150 गुण गणिताचे असतात, हे ऐकल्यावर लेकीने तो विषय स्वतःच मिटवला.

म्हणजे एक गेला शाळा नव्हती म्हणून, दुसरा गेला गणवेशाच्या ओढीने. आमची का जाणार? आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात तीन शाळा आहेत. मी नवऱ्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शिस्त, स्वावलंबन, मोकळी हवा." छापील पत्रकात हेच शब्द होते. खरं कारण दोघांनाही ठाऊक आहे. आम्ही घरी येतो साडेआठला, सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि चारपासून लेक असते टॅबसोबत. त्या हिशोबाने चाळीस मुलींमागे एक मेट्रन म्हणजे आमच्यापेक्षा बरीच की! हेही मी बोलून दाखवलं. नवरा उठून पाणी प्यायला गेला.

फी सात-आठ लाखांच्या घरात. तेवढ्यात माझी नोकरी अर्धवेळ करता येईल का, ते एकदा कागदावर मांडून बघायला हवं. मला तसं हवंय का, हा वेगळाच प्रश्न.

सासूबाईंनी जेवताना एवढंच विचारलं, "आजारी पडली तर कोणाजवळ झोपायचं?"

सोमवारी शाळेच्या ऑफिसला फोन करणार आहे. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ आम्हाला मुलींच्या वसतिगृहात नुसतं बसू द्या म्हणून. नवऱ्याच्या मते कुठलीच शाळा याला हो म्हणणार नाही. नाही म्हणाले तर फॉर्म भरायचा नाही, असं मी सांगून टाकलंय. लेक रुसून झोपली आहे.